नियंत्रणशास्त्रातील पीएच. डी. : दारे अनेक, पाटी एकावरच

मध्य रेल्वेच्या विक्रोळी स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशास रुळांच्या दोन्ही अंगांस गोदरेजचा विस्तीर्ण परिसर दिसतो. पूर्वेस द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे कन्नमवार नगराची वसाहत आणि तिच्याही पलीकडे ठाणे खाडीची खारफुटी. पश्चिमेस गेलेला रस्ता पवईच्या तलावाकडे जातो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या मतपेट्या मोठ्या संख्येने विक्रोळीतच तयार झाल्या. पुढे येथूनच भारतीय अग्निबाणांच्या इंजिनांचे भाग बाहेर पडले.

अग्निबाण सरळ वर जातो हे दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. तो सरळ का जातो, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ ज्याने केला आहे, त्याला या प्रश्नाचे अर्धे उत्तर ठाऊक असते. काठी कलते, डोळा ते पाहतो, हात त्या दिशेस सरकतो. अग्निबाणात डोळ्याच्या जागी संवेदक, मेंदूच्या जागी संगणक आणि हाताच्या जागी इंजिनाचे वळणारे तोंड असते, एवढाच फरक. स्थिती मोजणे, ती अपेक्षित स्थितीशी ताडून पाहणे आणि आढळलेली चूक दुरुस्त करणे, या अखंड साखळीला फीडबॅक किंवा पुनःप्रदाय म्हणतात. तिचा अभ्यास करणारे शास्त्र ते नियंत्रणशास्त्र.

या शास्त्रात पीएच. डी. करू इच्छिणाऱ्या तरुणाची गंमत अशी होते की, त्याला बहुधा एकच दार दाखविले जाते. ‘कंट्रोल म्हणजे इलेक्ट्रिकल विभाग’, असे त्याला सांगण्यात येते. तो स्वतः यांत्रिकी किंवा रासायनिक अभियांत्रिकीचा पदवीधर असेल अथवा गणितात एम. एस्सी. झालेला असेल, तर हे दार आपल्यासाठी नाही असे समजून परत फिरतो. विक्रोळीहून पवई काही थोड्या किलोमीटरांवर आहे. परंतु या गैरसमजामुळे ते अंतर पुष्कळदा ओलांडलेच जात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याचे तर विचारूच नये. वस्तुस्थिती अशी आहे की, नियंत्रण हा कोण्या एका विभागाचा विषय नाही. तो एक प्रश्न आहे, आणि तो अनेक शास्त्रांच्या घरी निरनिराळ्या नावांनी नांदतो.

साधी गोष्ट, अवघड गणित

स्नानगृहातील गरम व थंड पाण्याचे नळ जुळविताना प्रत्येकाला या शास्त्राची पहिली अडचण अनुभवास येते. पाणी थंड लागले म्हणून गरम नळ अधिक सोडावा, तर नळीतून ते पाणी येईपर्यंत काही क्षण जातात. तेवढ्यात धीर सुटून नळ आणखी फिरविला जातो आणि मग पाणी एकदम पोळते. घाईने थंड नळ सोडला की पुन्हा हुडहुडी. दुरुस्ती योग्य दिशेनेच केलेली असते. परंतु ती उशिरा आणि अधिक प्रमाणात झाल्यामुळे चूक कमी होण्याऐवजी हेलकावे घेऊ लागते. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावरील वेगनियंत्रकातही हाच दोष आढळून येई. दुरुस्ती केव्हा स्थैर्य आणते आणि केव्हा हेलकावे वाढविते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली मांडले. आधुनिक नियंत्रणशास्त्राचा आरंभ बहुधा त्या निबंधापासून मानला जातो.

आज याच प्रश्नाचे भव्य रूप वीजवहनाच्या जाळ्यात पाहावयास मिळते. विक्रोळीपासून जवळच, अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, पश्चिम विभागीय भारप्रेषण केंद्र आहे. देशातील विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने एवढी राखावी लागते. सायंकाळी लक्षावधी घरांत दिवे लागले की जनित्रांवरील ओझे वाढते, ती किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते. जनित्रांवरील वेगनियंत्रक ते ताबडतोब ओळखून वाफ किंवा पाणी अधिक सोडतात. त्यानंतर भारप्रेषण केंद्राच्या सूचनांनुसार कोणत्या केंद्राने किती वीज द्यावी हे सावकाशीने ठरते. ही साखळी तुटली म्हणजे काय होते ते ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशाने पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांची जाळी कोसळली. पश्चिम विभाग त्यातून बचावला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र मुंबईलाच अंधाराचा अनुभव घ्यावा लागला. सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढत चालल्याने हा प्रश्न अधिक बिकट होत आहे. कारण फिरत्या जड जनित्रांत जी जडता असते, ती सौर पत्र्यांत नसते. या एकाच विषयात कितीतरी प्रबंधांना वाव आहे.

एक प्रश्न, अनेक घरे

पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आय. आय. टी., १९५८ साली स्थापन झाली. येथे नियंत्रणशास्त्राला वाहिलेले सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग हे स्वतंत्र केंद्र आहे. ज्या एका दारावर पाटी लावलेली आहे, ते हे. परंतु त्याच आवारात विद्युत अभियांत्रिकी विभागात नियंत्रण व संगणन हा गट आहे. रासायनिक अभियांत्रिकीत हाच विषय ‘प्रोसेस कंट्रोल’ या नावाने चालतो. वैमानिकी विभागात तो ‘गायडन्स’ किंवा उड्डाणगतिशास्त्र होतो. यांत्रिकी विभागात यंत्रमानव आणि कंपन यांच्या अभ्यासात मिसळतो. आय. आय. टी.च्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘प्रथम’ हा लहानसा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला, तेव्हा त्याची दिशा स्थिर राखण्याच्या कामी या सगळ्या विद्याशाखांचे ज्ञान एकत्र आणावे लागले.

पवईच्या दक्षिणेस तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. मूळ भट्टी २००९ मध्ये बंद करण्यात आली आणि तिचे नवे रूप २०१८ मध्ये सुरू झाले. लहान भट्टीत नियंत्रक दांडे खालीवर करून शक्ती सांभाळता येते. मोठ्या भट्टीत मात्र एक वेगळीच अडचण उद्भवते. विखंडनातून आयोडीन आणि त्यापासून झेनॉन तयार होतो. हा झेनॉन न्यूट्रॉन गिळतो. भट्टीच्या एका अंगास शक्ती किंचित वाढली की तेथील झेनॉन जळून कमी होतो आणि शक्ती आणखी वाढते. काही तासांनी आयोडीनपासून नवा झेनॉन साचतो आणि शक्ती दुसऱ्या अंगास सरकते. एकूण शक्ती तीच दिसते, पण भट्टीच्या आत ती तासन्‌तास या कडेपासून त्या कडेपर्यंत झोके घेत राहते. ते कसे आवरावे यावर भाभा केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांतील अभ्यासकांनी एकत्र काम केले असून मोठ्या अणुभट्टीच्या नियंत्रणावरील त्यांचा ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे. भाभा केंद्रात राहून असे संशोधन करणाऱ्यास होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएच. डी. मिळू शकते. हे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अनेक शिक्षकांनाही माहीत नसते.

शुद्ध विज्ञानाच्या अंगणातही हा विषय तितकाच रुजला आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. वाऱ्याचा झोत अंगावर येत असता एवढी तबकडी आकाशातील एका बिंदूवर खिळवून ठेवणे हे नियंत्रणाचे काम आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी तेथे चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या टोकांस आरसे टांगावयाचे आहेत. रस्त्यावरील वाहतुकीने किंवा दूरवरच्या समुद्राच्या लाटांनी जमीन थरथरते, तरीही हे आरसे प्रोटॉनच्या व्यासाहूनही सूक्ष्म मर्यादेत स्थिर राहिले पाहिजेत. मराठवाड्यातील एखाद्या विद्यार्थ्याला पदार्थविज्ञान घ्यावे की अभियांत्रिकी असा प्रश्न पडला असेल, तर या प्रकल्पाला दोन्ही हवे आहेत.

जीवशास्त्रातही तीच गोष्ट. रक्तातील साखर शरीर स्वतःच मोजते आणि इन्सुलिनद्वारे आवरते. मधुमेहात ही साखळी बिघडते. साखर मोजून आपोआप इन्सुलिन सोडणाऱ्या उपकरणांमागे नियंत्रणशास्त्रच आहे.

मुंबईचा वारसा

हा विषय या महानगराला परका नाही. माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. या संस्थेतून १९६० साली पदवी घेतलेले प्रवीण वरैया यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच अध्यापन करीत पुढे महामार्गावरील वाहतुकीच्या नियंत्रणावर मोलाचे काम केले. पवईहून १९७६ साली पदवीधर झालेले विवेक बोरकर हे त्यांचेच विद्यार्थी. १९८० मध्ये बर्कलेची पीएच. डी. घेऊन ते भारतात परतले. अनिश्चिततेच्या वातावरणात निर्णय कसा घ्यावा, म्हणजे यदृच्छ नियंत्रण, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांना १९९२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. बंगळूरनंतर मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुढे पवई, असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. माटुंग्याहून निघालेला धागा बर्कलेमार्गे पवईस येऊन मिळाला, असे म्हणता येईल. इंदूरचे प्रमोद खरगोणेकर यांनीही पवईहून १९७७ साली पदवी घेतली; नियंत्रकाची रचना कशी करावी याविषयी १९८९ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलेला निबंध जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला आहे.

बोरकरांच्या विषयाची एक बाजू येथे विशेष नमूद करण्याजोगी आहे. अनुभवावरून शिकत जाणाऱ्या संगणकीय पद्धतींचा आज फार बोलबाला आहे. त्या पद्धतींचे गणित यदृच्छ नियंत्रणाच्या गणिताशी सख्ख्या नात्याचे आहे. संगणकशास्त्राकडे धावणाऱ्या विद्यार्थ्यांना ही माहिती असल्यास ते या दारानेही आत येऊ शकतील.

शोध कसा घ्यावा

विभागाच्या नावावरून शोध घेण्याऐवजी प्रश्नावरून घ्यावा. आपल्याला वीजजाळे आवडते, भट्टी आवडते, उपग्रह आवडतो की निव्वळ प्रमेय, हे आधी ठरवावे. मग त्या प्रश्नावर गेल्या पाच वर्षांत कोणी लिहिले, हे पाहावे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात विनामूल्य वाचावयास मिळतात. चार प्रबंध चाळले तरी मार्गदर्शकाचे नाव, त्याच्या कामाची दिशा आणि प्रबंधासाठी लागणारे गणित या तिन्ही गोष्टी कळून येतात. रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे आणि संभाव्यता यांना पर्याय नाही. पदवीच्या वर्गात नियंत्रणशास्त्र म्हणजे आलेख काढून गुण मिळविण्याचा पेपर अशी समजूत रूढ आहे. तेवढ्या तयारीवर मुलाखतीस गेलेला उमेदवार पहिल्या दहा मिनिटांत अडखळतो.

मार्गदर्शकास पत्र लिहिताना एकच मजकूर पन्नास जणांस धाडण्याची प्रथा पडली आहे. अशी पत्रे न वाचता बाजूला पडतात. त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणता भाग वाचला, त्यात कोठे अडले आणि आपण स्वतः आजवर काय केले, हे पंधरा ओळींत सांगितलेले पत्र पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या मार्गदर्शकाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. प्रबंधास किती वर्षे लागली, मध्येच कोणी सोडून गेले काय, मार्गदर्शक आठवड्यातून कितीदा भेटतात, हे प्रश्न विचारण्यात अनादर नाही. आयुष्याची पाच वर्षे पणास लावताना एवढी चौकशी न करणे हाच खरा अविचार होय.

प्रवेशाची वाट बहुधा ‘गेट’ परीक्षेतून जाते. नियंत्रण हा भाग तिच्या विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन या तिन्ही प्रश्नपत्रिकांत असतो. रासायनिक अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रोसेस कंट्रोल म्हणून येतो. ‘गेट’चे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. पवईस वर्षातून दोनदा, जुलै व जानेवारीच्या सत्रांसाठी, प्रवेश होतात आणि त्यांच्या जाहिराती साधारणपणे मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या सुमारास येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा असून तीत ‘कॉम्प्युटर अँड सिस्टिम्स सायन्सेस’ हा स्वतंत्र विषय आहे. पुण्याचे सी. ओ. ई. पी. तंत्रज्ञान विद्यापीठ, माटुंग्याची व्ही. जे. टी. आय., नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी संस्था येथेही या विषयाचे अध्यापन व संशोधन चालते. पवई मिळाली नाही म्हणजे सारे संपले, असे मानण्याचे कारण नाही. चांगला मार्गदर्शक नांदेडात असेल तर नांदेडला जावे.

परदेशी जाण्याचा विचार असणाऱ्यांनी एक भेद ध्यानी ठेवावा. अमेरिकेत बहुधा आधी विभागात प्रवेश मिळतो आणि सहायक म्हणून काम करीत खर्च भागविला जातो. नेदरलँड्स, स्वीडन, जर्मनी आदी देशांत पीएच. डी. ही बहुतांशी पगारी नोकरी असते. विशिष्ट प्रश्नासाठी जागा जाहीर होते आणि तिला अर्ज करावा लागतो.

नोकरीत असलेल्या शिक्षकांना

पदविका व पदवी महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांना नोकरी सोडून पाच वर्षे जाणे परवडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार अर्धवेळ पीएच. डी. करता येते, त्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कमाल मुदत सहा वर्षांची असून महिला व दिव्यांग उमेदवारांना दोन वर्षांची जादा सवलत आहे, तसेच महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. प्राचार्यांनी ना-हरकत पत्र वेळेवर दिले नाही तर वर्ष वाया जाते, हे संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावे.

प्रयोगशाळा नाही ही दुसरी तक्रार. तिच्यावर पवईत एक साधा उपाय शोधण्यात आला आहे. पोलादी पट्टी तापविणारे तारेचे वेटोळे, ती थंड करणारा पंखा, तापमान मोजणारा संवेदक आणि एक लहानसा संगणकीय घटक एवढ्यावर बेतलेली ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ तेथे तयार झाली. ती दूर अंतरावरून इंटरनेटद्वारे चालविण्याची सोयही करण्यात आली. तापमान ठरावीक अंशावर राखण्याचा हा प्रयोग वरवर किरकोळ वाटतो. पण नळ जुळविताना येणारी विलंबाची अडचण त्यात पुरेपूर उतरते आणि नवी नियंत्रणपद्धती तपासून पाहता येते.

खर्च आणि कागदपत्रे

जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये करण्यात आली. २०१८ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ७०,००० रुपये ठरविण्यात आले होते. तिची निवड अर्थातच कठीण. राज्यात अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजांसाठी ‘सारथी’ आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गांसाठी नागपूरची ‘महाज्योती’ या संस्था पीएच. डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या जाहिरातींच्या तारखा दरवर्षी सारख्या नसतात. गावातील शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर त्या लागल्या तर पुष्कळ उपयोग होईल.

शेवटचा अडथळा गणिताचा नसून नमुन्याचा असतो. आय. आय. टी. ही केंद्र शासनाची संस्था असल्याने तेथे इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीनुसार लागते. राज्याच्या नमुन्यातील दाखला चालत नाही. विमुक्त जाती व भटक्या जमाती हा स्वतंत्र प्रवर्ग तर केंद्राकडे नाहीच. त्यांतील बहुतेक जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात आणि उमेदवाराने तसाच अर्ज करावयाचा असतो. उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे १ एप्रिलनंतर दिलेला, मागण्यात येतो. आणि पवईच्या पहिल्या जाहिरातीची मुदतही त्याच सुमारास संपते. म्हणून उत्पन्नाची कागदपत्रे तलाठी व तहसील कार्यालयातून मार्चमध्येच तयार करून ठेवावी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दाखल करून दाखल्यावर ‘केंद्र शासनाच्या संस्थांसाठी’ असा नमुना मागून घ्यावा.